आमच्या ट्रंकेतली दोरी

आदरणीय ताईस,

एका हाताने नमस्कार. दुसरा हात पहिल्यापर्यंत पोचत नाही म्हणून राग मानू नकोस, उजवा खांदा आखडल्याचं तुला फोनवर सांगितलंच होतं. (लिहिता येतं. लिहायला कोपराखालचा भाग पुरतो.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का, की अजूनही सिनेमा बघताना नेमके महत्त्वाच्या ठिकाणी खोकतात? नवी नोकरी लागल्यापासून सून तुझ्याशी फार आदराने वागते असं तू कळवलंस, ते वाचून मला जरा काळजीच वाटली. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर गेला महिनाभर माझा नुसता जळफळाट चालला आहे, आणि तो कोणाजवळ तरी ओकल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण आमच्या घराच्या भिंती पातळ, आणि ज्यांच्याबद्दल बोलायचं ते माझ्यापासून दोन हातांवर बसून बातम्या बघत असतात. म्हणून इथे धुलाईच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, चादरींच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहिते आहे. (दिवसाला आठशे चादरी माझ्या नजरेखालून जातात, सगळ्या हॉटेलांच्या. त्यावरून माणसांबद्दल मला जे कळलं आहे त्याचं वेगळं पत्र होईल.) भाऊजींना वाचून दाखवू नकोस. अगदीच राहवलं नाही तर दुसरं पान वगळून दाखव.

आमचा छंद तुला ठाऊक आहे. जगात एकट्या तुलाच ठाऊक आहे. तरी पुन्हा सांगते, कारण मागच्या वेळी तुझं अर्धं लक्ष हसू दाबण्यात गेलं होतं आणि उरलेलं ठसका आवरण्यात. धाकटीचं लग्न झालं, थोरला नोकरीसाठी परगावी गेला, आणि घरात आम्ही दोघं आणि एक फ्रिज उरलो. तेव्हा तूच म्हणालीस की आता काहीतरी छंद लावून घ्या. तुझ्या मनात कुंड्या होत्या. आम्ही कुंड्या आणल्यासुद्धा. त्या मेल्या. मग एका रविवारी हे (तीस वर्षं लोकांचं घरसामान बांधून हलवायचं काम करतात, घरातल्या चहाच्या पुड्यालाही गाठ मारल्याशिवाय त्यांना झोप येत नाही) मला कामावरची एक नवी गाठ दाखवायला बसले. घरात रिकामा खोका नव्हता. मी म्हटलं, ह्याच्यावर दाखवा, आणि मनगटं पुढे केली. गाठ चांगली होती. त्यानंतर टीव्हीवरचा माणूस एकटाच हवामान सांगत राहिला. मी तेव्हा पन्नास वर्षांची, हे त्रेपन्नचे. कानशिलं गरम होणं म्हणजे काय हे मी पार विसरून गेले होते.

लोक म्हणे असल्या गोष्टींसाठी दुकानातून काय काय विकत आणतात. आम्हाला लाज वाटली, आणि गरजही पडली नाही. घरात केवढी सोय भरून ठेवलेली असते हे मला तेव्हा कळलं. कपडे वाळत घालायची सुती दोरी. लाकडी चिमटे (प्लास्टिकचे फार चावतात). माझी जुनी निळी ओढणी, डोळ्यांवर बांधायला. पिसांचा झटकणा, जो पंचवीस वर्षं मुकाट्याने कपाटावरची धूळ झटकत होता आणि ज्याच्या अंगी एवढे गुण असतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. एक लाकडी डाव आहे, त्याच्या दांड्याला मी ओळखीसाठी लाल दोरा बांधला आहे, कारण एकदा ह्यांच्या आत्या राहायला आल्या होत्या आणि त्यांनी नेमका तोच डाव पातेल्यात घातला. त्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता जेवलो. शिवाय ह्यांच्या कामावरचे ते चिकटवायचे कागद, 'नाजूक' आणि 'ही बाजू वर' असं छापलेले. ते कुठे चिकटवले हे लिहीत नाही. (एक माझ्या मानेमागे राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी कारखान्यात घड्या घालणाऱ्या बाईने तो काढून माझ्या हातात दिला, एक अक्षर न विचारता. ती बाई हिरा आहे.)

नियमही होते, कारण हे नियमाचे पक्के. दोघांची मर्जी असेल तरच. एकाला नको असेल तर दुसऱ्याने तोंड वाकडं करायचं नाही. आणि थांबायचं असेल तर 'पुरे', 'नको' असलं काही चालणार नाही, कारण ते मी मजेतही म्हणते, तर ठरलेला एक शब्द म्हणायचा. पहिला शब्द आम्ही 'दूध' ठरवला होता. कोणी ठरवला हे आज दोघंही कबूल करत नाही. एका रविवारी सकाळी मी खुर्चीला बांधलेली, डोळ्यांवर ओढणी, आणि गॅसवर खरोखरचं दूध. मला वास आला. मी ओरडले, दूध, दूध. ह्यांनी त्या क्षणी सगळं थांबवलं, दोरी सोडली, माझ्या अंगावर शाल घातली, पाणी दिलं आणि माझे हात हातात घेऊन विचारलं, माझं काय चुकलं. मी म्हणते दूध, हे म्हणतात हो, कळलं, थांबलोय. ते पातेलं अजून काळं आहे. तेव्हापासून शब्द 'पाणबुडी' आहे, कारण आमच्या घरात पाणबुडीचा विषय निघायची शक्यता कमी.

पण मुख्य गोष्ट गाठीची. ह्यांनी तीन रविवार खर्ची घालून माझ्यासाठी एक गाठ बसवली. बाहेरून बघावं तर एकदम पक्की, पण तिचं एक टोक बांधलेल्या माणसाच्या मुठीत राहतं, आणि दोन बोटांनी ओढलं की सगळी दोरी गळून पडते. म्हणजे मला सुटायचं असेल तर कोणाची वाट बघायला नको. ह्यांच्या धंद्यात असली गाठ शून्य उपयोगाची. ओढल्यावर सुटणारी गाठ कोणी सामानाला मारली तर मुकादम त्याला उभं करणार नाही. ती गाठ जगात एकाच नगासाठी होती, आणि तो नग मी होते. दागिने काय, ज्याला त्याला मिळतात, ताई. स्वतःच्या नावाची गाठ किती जणींना मिळते?

मग खांदा गेला. ओल्या चादरींचा गठ्ठा वरच्या फळीवर टाकताना आत काहीतरी कट्कन वाजलं आणि हात वर जाईनासा झाला. चार महिन्यांपूर्वी एका रविवारी हात मागे नेताना अशी कळ आली की मी पाणबुडी म्हणाले. हे थांबले. पुढच्या रविवारी पुन्हा पाणबुडी. तिसऱ्या रविवारी ह्यांनी दोरी काढलीच नाही. माझा खांदा शेकला, पाठीला उशी लावून दिली, आणि बातम्या लावल्या. नियमाप्रमाणे तोंड वाकडं केलं नाही. थोडं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. हे सगळं सामान ठेवायची आमची ट्रंक पलंगाखाली गेली आणि मी बावन्नची होते ती एकदम सत्तरची झाले.

अशात आमच्या इमारतीत तळमजल्यावर फिजिओबाई आली. लोकांच्या आखडलेल्या माना आणि कंबरा सोडवते. चाळिशीची असेल. (अडतीसची आहे. चौकशी केली.) तिची पाठ इतकी ताठ की तिच्याशी बोलायला उभं राहिलं की आपण वाकलेलो आहोत हे आपल्याला आपोआप कळतं. तिचं सामान हलवायचं काम ह्यांच्याच कंपनीकडे आलं आणि हे स्वतः मागून घेऊन त्या कामावर गेले. संध्याकाळी मी कामावरून येते आहे तर दारातल्या पायऱ्यांवर गोंधळ. एक मोठा खोका वर नेताना सुटला होता आणि आतले व्यायामाचे रबरी चेंडू, हे एवढाले, निळे, तांबडे, उड्या मारत रस्त्यावर निघाले होते. मुकादम बोंबलत होता. सगळे चेंडूंमागे धावले. मी आपली मदत म्हणून खाली पडलेली दोरी उचलली, आणि ताई, माझ्या पायाखालची जमीन सरकली. तोच फास, तेच लांब ठेवलेलं टोक. तीस वर्षांत ह्यांची बांधलेली एक पेटी सुटली नव्हती, आणि ज्या दिवशी सुटली त्या दिवशी तिच्यावर माझी गाठ होती. घरी आल्यावर हे म्हणाले, हात चुकला. कोणाच्या विचारात चुकला हे विचारायला माझी जीभ नुसती वळवळत होती, पण मी चहा ठेवला.

तेव्हापासून बुधवार सुरू झाले. रविवारखेरीज बुधवारीही ह्यांची सुट्टी असते. एरवी सुट्टीच्या दिवशी दाढी म्हणजे पाप, पण आता बुधवारी गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि म्हणे खालच्या बाईंचं कपाट बसवायचं आहे. चार बुधवारांत माणूस अख्खी खोली बांधून काढील. एकदा जेवताना मला म्हणाले की बाईंना शरीराची फार जाण आहे. मी म्हटलं, भाजी संपवा. त्याच रात्री हे झोपल्यावर मी ट्रंक ओढून उघडली. दोरी नाही. ओढणी नाही. चिमटे होते, झटकणा होता, आणि डाव जागेवर होता. ताई, तुला काय सांगू, तो डाव मी छातीशी धरून बसले. म्हणजे प्रकरण अजून तिथपर्यंत गेलेलं नव्हतं. पण माझी ओढणी दुसऱ्या बाईच्या डोळ्यांवर, हे चित्र काही केल्या पुढून हलेना. त्या आठवड्यात मी एका हॉटेलच्या चादरी दुसऱ्या हॉटेलला पाठवल्या आणि दोन्हींकडून बोलणी खाल्ली.

मागच्या बुधवारी खांद्याचं निमित्त सांगून मी दोन वाजताच सुटले आणि तडक इमारतीच्या मागे गेले, जिथे पाण्याचे मीटर आहेत. फिजिओबाईच्या आतल्या खोलीची खिडकी तिथे उघडते, पण उंच आहे. बादली पालथी घातली, दोन्ही हातांनी गज धरले आणि वर झाले. (ह्या वयात. कामाच्या साडीत.) आत हे होते. आणि आमच्या दोरीने खुर्चीला बांधलेली होती ती बारकी.

बारकी कोण ते सांगते. बारकी म्हणजे फिजिओबाईचा सांगाडा. प्लास्टिकचा, माणसाएवढा, कोणतं हाड कुठे दुखतं ते पेशंटना दाखवायला. कंबरेचं हाड रुंद आहे म्हणजे ही बाई, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि लाडाने बारकी म्हणते. माझी निळी ओढणी बारकीच्या डोळ्यांच्या खोबणींवर. दोरी तिच्या फासळ्यांवरून. आणि हे जमिनीवर गुडघे टेकून, जिभेचं टोक दातांत धरून, तिच्या कोपरापाशी गाठ मारत होते. फिजिओबाई टेबलाशी चष्मा लावून कसले तरी कागद भरत बसली होती. मधूनच मान वर न करता म्हणायची, कोपर खाली, अजून खाली, त्यांचा हात तेवढा मागे जायचा नाही. मग म्हणाली, एक नाजूक नग आहे, उजवी बाजू वर होत नाही, न दुखवता बांधायचा कसा, असं तुम्ही मला विचारलंत ना, तेव्हाच मी ओळखलं की हा नग चहा चांगला करत असणार. ह्यांचे कान लालभडक झाले. म्हणाले, सामान बांधायच्या दिवशी बारकीला गुंडाळताना तिच्या खांद्याचं हाड बघितलं आणि हिचाच विचार डोक्यात बसला, पुढच्या खोक्याला गाठसुद्धा हिचीच पडली. पण तिला एवढ्यात काही कळू देऊ नका, मी विषय काढला तर तिला वाटेल मी घाई करतोय.

आता तू म्हणशील, मग झालं की, डोळे पूस आणि घरी जा. मीही तेच करणार होते. पण तेवढ्यात गाठ पुरी झाली, ह्यांनी दोरीचं टोक बारकीच्या मुठीत दिलं, तिची बोटं एकेक करून त्यावर मिटली, आणि हळूच विचारलं, टोचत नाही ना? ताई, तो प्रश्न माझा आहे. सवयीने तोंडातून गेला असेल, मान्य. पण चार महिन्यांत मला तो कोणी विचारला नव्हता, आणि विचारला तो कोणाला, तर जिला पोट नाही, घाम नाही, आणि जिचा खांदा स्क्रू सैल केला की गरागरा फिरतो तिला. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे बादली सरकली. मी मीटरच्या आड बसले. हे खिडकीशी येऊन म्हणाले, मांजर असेल. आतून फिजिओबाई म्हणाली, चांगली थोराड दिसते.

बारकीचं मी एक वेळ सोडून देईन. पण त्या फिजिओबाईचं मला अजून खुपतं आहे, आणि का ते मला दोन दिवस कळत नव्हतं. काल चादरी मोजताना कळलं. गेली दोन वर्षं माझ्या डोळ्यांवर ओढणी असते. मी ह्यांचा आवाज ऐकते, हात ओळखते, आणि समजते की हे मजेत असतील. पण गाठ मारताना हे जीभ दातांत धरतात, कपाळाला आठ्या पडतात, एखादं काचेचं भांडं गुंडाळावं तसा सगळा जीव बोटांत आणतात, हे मी कधी बघितलंच नव्हतं. तो चेहरा माझ्यासाठी होता आणि तिने तो चार बुधवार फुकट बघितला, तोही कागद भरता भरता. म्हणून ठरवलं आहे, ह्या वेळी ओढणी नको म्हणून सांगायचं. ह्या वेळी म्हणजे येत्या रविवारी, कारण काल ह्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की रविवारी आपल्याकडे कोणी येणार नाही ना. मी म्हटलं, कोण येणार. आणि ट्रंक बघितली तर दोरी आणि ओढणी, दोन्ही धुऊन, घडी घालून परत.

सुट्टी संपली, इस्त्रीचं यंत्र सुरू झालं, आता थांबते. भाऊजींना नमस्कार सांग, सुनेवर लक्ष ठेव.

तुझी जळकुकडी बहीण

ता. क. फिजिओबाई तिच्या कामात हुशार आहे हे मला मान्य आहे. पण तू इकडे आलीस तर तुझे गुडघे तिला दाखवायचे नाहीत. मला दाखव.

आणखी ता. क. आता खरं काम. खांदा बरा झाला आहे. पूर्ण. महिना होऊन गेला. तुझ्याशीही खोटं बोलले, माफ कर. ज्या दिवशी ते चेंडू रस्त्यावर पळाले त्याच दिवशी सकाळी अंघोळ झाल्यावर सहज हात वर केला तर तो गेला. संध्याकाळी ह्यांना सांगायचं म्हणून वाटेत शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते, आणि दारात हातात ती दोरी आली. मग नाही सांगितलं. बरी झाले म्हटल्यावर हे ट्रंक काढणार हे ठाऊकच होतं. पण आखडलेली असताना हे माझ्याकडे वळून बघतात का, ते मला बघायचं होतं. आता बघितलं. हा माणूस आखडलेल्या खांद्यासाठी चार बुधवार गुडघे टेकून शिकून आला, आणि खांदा तर मोकळा. कोणत्या तोंडाने सांगू? तेव्हा एवढं कर. तुझ्याकडून एक तेलाची बाटली पाठव. कुठलंही तेल चालेल, फोडणीचंसुद्धा, फक्त रंगीत बाटलीत घाल आणि बरोबर चिठ्ठी लिही की ह्याने आठ दिवसांत खांदा सुटतो, तुमच्याकडे सगळ्यांचा सुटला. म्हणजे मला रीतसर बरं होता येईल.

अगदी शेवटचं. बाटली भरून ठेव, पण मी कळवल्याशिवाय टपालात टाकू नकोस. आखडलेल्या बायकोसाठी एवढे कष्ट घेणारा नवरा घरात असताना बरं व्हायची मला काहीएक घाई नाही.